अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियात (तेव्हाच्या अमेरिकेतल्या ब्रिटिश वसाहतीत) आलेल्या जर्मन पूर्वजाचा शोध कुठून सुरू करावा?
फिलाडेल्फिया बंदराच्या जहाज-याद्यांपासून, म्हणजे जहाजाने उतरलेल्यांच्या नावांच्या याद्यांपासून. १६८३ मध्ये जर्मनीतल्या क्रेफेल्डची १३ कुटुंबं येऊन फिलाडेल्फियाजवळ जर्मनटाउन वसलं, पण सलग याद्या १७२७ पासूनच्या. तेव्हापासून उतरणाऱ्या जर्मन पुरुषांना ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घेऊन सही करावी लागे. सही येत नसेल तर तो खूण करी आणि नाव कारकून लिही, कानावर पडेल तसं! म्हणून एकाच स्पेलिंगवर अडून बसू नका. सही स्वतःची असेल तर तीच खरी मानावी.

शपथ १६ वर्षांवरील पुरुषांचीच, त्यामुळे बायका-मुलं बहुतेकदा निसटतात. ती लुथरन किंवा रिफॉर्म्ड (दोन्ही प्रोटेस्टंट पंथ) चर्चच्या बाप्तिस्मा नोंदींत शोधा. तिथली साक्षीदारांची नावं जरूर उतरवून घ्या. ते अनेकदा नातलग किंवा मूळ गावचेच असतात.