शनिवारची रात्र की रविवारची?

अगं, तुझी पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. "नऊ दिवस इंजेक्शनं झाली, आता ट्रिगर. क्लिनिकमधली मुलगी फोनवर 'रविवारी रात्री साडेबारा' म्हणाली आणि फोन ठेवला. शनिवार उलटून की रविवार उलटून, हे परत विचारायला ओशाळल्यासारखं झालं." ओशाळू नकोस. ट्रिगर म्हणजे अंडी काढण्याआधीचं, ती पिकवणारं शेवटचं इंजेक्शन, ते नेमक्या वेळेलाच घ्यावं लागतं. आधी फोन कर, उरलेलं नंतर वाच.

मी डॉक्टर नाही. शाळेत गणित शिकवते, आणि आयव्हीएफच्या, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचाराच्या, दोन सायकल केल्यात. त्यातली पहिली याच साडेबाराने खाल्ली. तेव्हा आम्ही साताऱ्यात होतो, क्लिनिक पुण्यात. स्कॅन चांगला होता, अकरा फॉलिकल (अंडं ज्यात वाढतं त्या पिशव्या) दिसत होते, मोठे अठरा-एकोणीस मिलिमीटरचे. शनिवारी दुपारी मेसेज आला: ट्रिगर संडे १२.३० एएम, ओपीयू मंडे १२ नून. ओपीयू म्हणजे अंडी काढणं. मी वाचलं, "रविवारी रात्री साडेबारा". आपल्याकडे दिवस उजाडल्यावर सुरू होतो ना गं. रविवारची रात्र म्हणजे रविवारी जेवून झोपतो ती. घड्याळाच्या लेखी मात्र शनिवारी रात्री बाराला रविवार लागलेला असतो. शनिवारी रात्री मी दहालाच झोपले, छान झोपले. इंजेक्शन फ्रिजमध्येच.

रविवारी चारच्या चहाला नवरा सहज म्हणाला, "आज रात्री साडेबाराला सुई आणि उद्या दुपारी बाराला अंडी काढायची? बाराच तासांत होतं का ते?" ट्रिगर आणि अंडी काढणं यात साधारण ३४ ते ३६ तास लागतात, हे मला समुपदेशनात सांगितलेलं होतं. पाठही होतं. गणिताच्या बाईला एक वजाबाकी सुचली नाही.

पुढचे साडेचार तास मी विसरूच शकत नाही. फाइलवर "२४ तास मदत" म्हणून छापलेला नंबर वाजून वाजून बंद होत होता. एकदा वॉचमनने उचलला, "रविवारी मॅडम नसतात, उद्या या." उद्या येऊन काय करू? मेसेज करणाऱ्या मुलीचा फोन बंद. तिला काय दोष देऊ, तिलाही सुट्टी असणारच. पण ज्या उपचारात तासातासाचा हिशेब असतो, तिथे रविवारी फोन उचलायला एक माणूस ठेवता येत नाही? पॅकेजचे पैसे मात्र पहिल्याच दिवशी आगाऊ हवे असतात. असो.

साडेआठला एका ज्युनियर डॉक्टरचा फोन आला. साडेनऊला ट्रिगर घ्या, मंगळवारी सकाळी नऊला या. घेतलं. पण शनिवारी सकाळी सातनंतर मी अँटॅगोनिस्ट घेतलंच नव्हतं, कारण ट्रिगर ठरला की ते बंद. अंडी वेळेआधी फुटू नयेत म्हणून जे पोटात टोचतात, तेच. त्याचा शेवटचा डोस आणि ट्रिगर यात ३० तासांपेक्षा जास्त अंतर पडू नये असं असतं, माझं साडेअडतीस झालं. मंगळवारी अकरापैकी बरेच फॉलिकल आधीच फुटलेले. चार अंडी मिळाली, दोन परिपक्व, भ्रूण एकही टिकला नाही. फाइलवर शेरा काय, तर "पेशंटने सूचना पाळली नाही". तो शेरा मी अजून जपून ठेवलाय.

म्हणून माझं मत हट्टाचं आहे, नाही पटलं तर सोड. ट्रिगरची वेळ तोंडी घ्यायचीच नाही. लेखी मागायची, आणि "शनिवार संपून रविवार लागतो ती रात्र, तारीख अमुक" अशी लिहून मागायची. मग ओपीयूच्या वेळेतून ३६ तास स्वतः उलटे मोजायचे. तास-दीड तासाचा फरक असेल तर ठीक. पण पूर्ण दिवसाचा फरक निघाला तर ते हो म्हणेपर्यंत फोन सोडायचा नाही. आणि वेळ चुकलीच, तर मनाने उशिरा घेऊन गप्प बसू नकोस. नेमकी किती वाजता घेतली ते सांगितलं तर त्यांना पुढची वेळ हलवता येते, लपवलं तर काहीच करता येत नाही.

ट्रिगर कुठल्या प्रकारचा आहे तेही विचार. पावडरचं एचसीजी (गरोदरपणातलं हार्मोन, प्रेग्नन्सी टेस्ट तेच पकडते) असेल तर बाटल्या मोज. दहा हजार युनिट लिहिलेले असतील आणि पाच-पाच हजारांच्या दोन बाटल्या असतील, तर दोन्हीतली पावडर विरघळली पाहिजे. घाईत नुसतं पाणीच टोचून घेणाऱ्या बायका आहेत, हसू नकोस, रात्री साडेबाराला कुणाचंही होईल. दुसऱ्या सायकलला माझ्या डॉक्टरांनी एक युक्ती सांगितली: एचसीजी घेतल्यावर दुसऱ्या दिवशी घरच्या प्रेग्नन्सी टेस्टवर दुसरी रेघ उमटली, तर औषध अंगात गेलं. रेघ नाही आली तर ताबडतोब कळवायचं. पण पीसीओ (अंडाशयात पुष्कळ लहान फॉलिकल साठण्याचा त्रास) असलेल्यांना, खूप फॉलिकल असलेल्यांना पुष्कळदा दुसरा ट्रिगर देतात, ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिनचा. त्यात ही टेस्ट कोरीच येते, तेव्हा उगाच रडत बसू नकोस. आणि टेस्ट एचसीजीच पकडते, म्हणून एचसीजीच्या ट्रिगरनंतर आठ-दहा दिवसांत घरी टेस्ट करून पेढेही वाटू नकोस. ती रेघ इंजेक्शनचीच असू शकते.

सिरिंजचं सांगायचं राहिलं. आपल्याकडे इन्सुलिनच्या दोन सिरिंज मिळतात, लाल टोपणाची ४० वाली (एका मिलीत ४० युनिट) आणि केशरी टोपणाची १०० वाली (एका मिलीत १००). "२० युनिट भरा" असं सांगितलं असेल, तर केशरीत ते ०.२ मिली होतं आणि लालमध्ये ०.५ मिली, म्हणजे अडीचपट. मेडिकलवाला हाताला येईल ती देतो. कागदावर मिलीत लिहून घे आणि सिरिंज क्लिनिकमधूनच आण. शिवाय सिरिंजवरचे युनिट इन्सुलिनचे असतात, बाटलीवरच्या एफएसएचच्या (अंडी वाढवणारं रोजचं औषध) युनिटशी त्यांचा संबंध नाही.

फ्रिजचं तुला माहीत असेलच. फक्त बर्फाच्या पिशवीला चिकटवून नेऊ नकोस, औषध गोठलं तर वाया. मी टॉवेलमध्ये गुंडाळून स्टीलच्या डब्यातून एसटीने न्यायचे. आणि त्या ग्रुपवर "उरलेलं इंजेक्शनचं पेन अर्ध्या किमतीत" विकतात ना, ते घेऊ नकोस, बाई. कुणाच्या फ्रिजमध्ये किती दिवस होतं, लाइट किती तास गेली होती, कुणास ठाऊक. तसंच "मला रोज ३०० युनिट देतात, तुला २२५ का" याने डोकं खराब करून घेऊ नकोस. वय, एएमएच (अंड्यांचा साठा सांगणारी रक्ततपासणी), वजन, सगळं बघून ठरवतात ते.

आता नीट वाच, कारण तू पीसीओ लिहिलंयस. ट्रिगरनंतर रोज सकाळी वजन कर. एका दिवसात किलोभर वाढलं, पोट ढोलासारखं ताणलं, लघवी कमी झाली, उलट्या थांबेनात, दम लागला किंवा एक पाय सुजून दुखायला लागला, तर हेल्पलाइन वाजवत बसू नकोस. सरळ जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जा आणि दारातच सांग, "आयव्हीएफची इंजेक्शनं चालू आहेत." बहुतेकींना थोडं फुगणं सोडून काही होत नाही, पण ज्यांना हा अंडाशय सुजण्याचा त्रास होतो त्यांना तो झपाट्याने होतो, आणि पीसीओवालीला त्याचा धोका जास्त.

नवरा बाहेरगावी आहे म्हणतेस. पोटातलं इंजेक्शन स्वतःला घेता येतं, पहिल्यांदा हात थरथरतो तेवढंच. शेजारच्या सिस्टरला सांगून ठेवलं असशील तरी रात्री साडेबाराला ती दार उघडेल यावर विसंबू नकोस. आमचा कंपाउंडर दहालाच "आता सकाळी बघू" म्हणायचा. अलार्म दोन लाव, एक नवऱ्याच्या मोबाइलवर, तो जिथे असेल तिथे.

ओपीयूला कितीला बोलावलंय ते तू पोस्टमध्ये लिहिलंच नाहीस. लिही. मी उलटे मोजून सांगते, खात्री मात्र तू त्यांच्याकडूनच कर. मी आज जागीच आहे.