संमतीपत्रावर सही करण्याआधी

सिंधुदुर्गातल्या एका खाडीकाठच्या वाडीतून एका ताईंचं पत्र आलं आहे. मुलगा ९ वर्षांचा, जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीत. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे शरीराच्या हालचालींवर ताबा राहत नाही; दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र ६० टक्क्यांचं. चालणं अवघड, बोलणं अस्पष्ट, पण ऐकलेलं सगळं समजतं. नवरा बोटीवर खलाशी, मासेमारी बंदीचे दोन महिने सोडले तर समुद्रावरच. शाळेपर्यंत चिऱ्यांची पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट आहे, पावसात तिच्यावर शेवाळ धरतं, आणि ताई मुलाला पाठीवर घेऊन ती चढतात. आता मुख्याध्यापकांनी त्यांच्या हातात एक कागद दिला आहे: ‘पाल्य यापुढे घरूनच शिक्षण घेईल, त्यास आमची संमती आहे.’ दिव्यांग मुलांना शिकवणारे विशेष शिक्षक गेल्या वर्षी घरी आले ते दोनदाच. शेजारणी विचारतात, “तेका कित्याक आणतंस?” (त्याला कशाला आणतेस?) ताई शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्य आहेत, पण इतिवृत्तावर सही करण्यापलीकडे त्यांना तिथे काही काम दिलं जात नाही. त्यांचे प्रश्न तीन. सही करू का? नाही केली तर नाव काढतील का? आणि गाव काही करू शकतं का?

ताई, सही करू नका.

घरून शिकण्याची सोय कायद्यात आहे, पण ती शाळेच्या सोयीसाठी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात २०१२ साली दुरुस्ती झाली. तिच्यानुसार बहुविकलांग किंवा तीव्र विकलांगता असलेल्या मुलाला घरून शिकण्याचा पर्याय निवडता येतो. पर्याय निवडायचा तो मुलाने आणि पालकांनी. तीव्र म्हणजे या कायद्याच्या हिशेबात ८० टक्के किंवा अधिक. शाळेला जमत नाही म्हणून मुलाला घरी बसवा, असं कायद्यात कुठेही म्हटलेलं नाही. उलट २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचं कलम १६ सांगतं की सरकारी आणि मान्यताप्राप्त शाळांनी अशा मुलाला भेदभाव न करता प्रवेश द्यावा, इतर मुलांबरोबर शिकवावं, त्याच्या गरजेप्रमाणे सोय करावी आणि त्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवावं. ‘सोय नाही’ हे उत्तर असू शकत नाही. सोय करणं हेच शाळेचं आणि जिल्हा परिषदेचं काम आहे.

नाव काढण्याची भीती मनातून काढा. आठवीपर्यंतचं शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. हा हक्क १४ वर्षांपर्यंतचा. तुमच्या मुलाचं प्रमाणपत्र ४० टक्क्यांच्या वर असल्यामुळे दिव्यांग कायद्याच्या कलम ३१ नुसार त्याला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत.

आता तुम्ही ज्याला फक्त सही करणं समजता त्या खुर्चीबद्दल बोलू. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे, आणि ती तुम्ही शेवटच्या ओळीत सहज लिहिली आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला. वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर दिव्यांग मूल या गटात मोडतं. म्हणजे तुम्ही तिथे कुणाच्या मेहेरबानीने बसलेल्या नाही. अनुदानित शाळांमध्ये ही समिती फक्त सल्ला देते, पण तुमची शाळा जिल्हा परिषदेची आहे. इथे समितीने शाळेच्या कामावर देखरेख करायची, अनुदान कुठे खर्च झालं ते पाहायचं आणि शाळा विकास आराखडा तयार करायचा, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम २१ आणि २२ म्हणतं. हा आराखडा आर्थिक वर्ष संपण्याआधी वर पाठवला जातो, आणि वरचं नियोजन त्याच्या आधारे होतं. त्यात तुमच्या मुलाची गरज लिहिलेली नसेल, तर तालुक्यात बसलेल्या माणसाच्या लेखी ती गरजच नाही. बऱ्याच गावांत हा आराखडा मुख्याध्यापक एकटेच, गेल्या वर्षीचा पुढे ठेवून लिहितात. मुख्याध्यापकांवर कागदांचं ओझं फार असतं हे मी जाणतो. पण म्हणूनच तुम्ही पुढे बसायचं.

पुढच्या बैठकीत आराखड्याची प्रत मागा आणि ठराव मांडा. साध्या शब्दांत: ‘इयत्ता तिसरीतील दिव्यांग विद्यार्थ्यासाठी विशेष शिक्षकांच्या ठरावीक भेटी, वैयक्तिक शिक्षण आराखडा, बसण्यासाठी आधाराची खुर्ची, शौचालयात दांडा, आणि प्रवासभत्ता व मदतनीस भत्ता यांची मागणी शाळा विकास आराखड्यात समाविष्ट करावी.’ वैयक्तिक आराखडा विशेष शिक्षकांनी एकट्याने लिहून आणू नये. तो तुमच्याशी बोलून व्हावा, कारण मूल काय खुणेने सांगतं, किती वेळ बसू शकतं, कशाने थकतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. ठराव इतिवृत्तात लिहिला गेल्याशिवाय सही करू नका. यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदणीत, मुलाची दिव्यांग म्हणून नोंद आहे का, हेही त्याच बैठकीत विचारा. भत्ते समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या पैशातून येतात आणि नोंद नसली तर ते अडतात.

विशेष शिक्षकांवर मात्र राग धरू नका. एकेका माणसाच्या वाट्याला इतक्या शाळा येतात की डोंगर उतरून खाडी ओलांडेपर्यंत दिवस मावळतो. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्राथमिक शाळांसाठी १० दिव्यांग मुलांमागे एक आणि वरच्या वर्गांसाठी १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असं प्रमाण सांगितलं आहे. तुमच्या ठरावात याचा उल्लेख करा.

गाव काय करू शकतं? पाखाडीपासून सुरुवात करू शकतं. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात. ग्रामसभेत उभं राहून विचारा की ते पैसे यंदा कशावर गेले, आणि पाखाडीला लोखंडी कठडा व शाळेच्या दाराशी उतरण मागा. त्या कठड्याला वाडीतली म्हातारी माणसंही धरतील, म्हणून या मागणीला हात वर करणारे तुम्हाला मिळतील. एकट्या जाऊ नका. समितीतल्या दोन आया सोबत न्या, ज्या शेजारणीने प्रश्न विचारला तिलाही बोलवा. मुलाला रोज पाठीवर पाहिलंय तिने, पण त्याला धडा ऐकताना पाहिलेलं नाही.

एवढं करूनही शाळा अडली तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली जिल्हा परिषदेकडे लेखी तक्रार करा. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यावा लागतो, आणि तो पटला नाही तर अपील बालहक्क संरक्षण आयोगाकडे जातं. पुण्यातल्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही दाद मागता येते. त्यासाठी वकील लागलाच तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिला, मुलं आणि दिव्यांग यांना उत्पन्न न पाहता तिथे मोफत वकील मिळतो.

सध्या एवढंच करा. तो छापील कागद परत न देता जपून ठेवा. त्याऐवजी एक अर्ज द्या: ‘घरून शिक्षणास माझी संमती नाही. माझा मुलगा शाळेतच शिकेल. त्याच्यासाठी लागणाऱ्या सोयी लेखी कळवाव्यात.’ दोन प्रती करा, एकीवर शाळेची पोहोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. शिक्का द्यायला नाही म्हणाले तर तोच अर्ज टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी मुलाला नेहमीच्या वेळी शाळेत घेऊन जा.