"बाबा, तू म्हणजे जेरी आहेस"

ते माझ्याकडे समुपदेशनासाठी पहिल्यांदा आले तेव्हा हातात दोनशे पानी वही होती. आत पट्टीने रेघा मारून तीन रकाने पाडलेले: 'भाग', 'जेरी काय करतो', 'मी काय करतो'. अक्षर वळणदार, प्रत्येक नोंदीला तारीख. चाकणच्या एका कारखान्यात एकोणीस वर्षं गुणवत्ता तपासणीत काढलेला माणूस, त्यामुळे दुःखाचीही तपासणी त्यांनी त्याच शिस्तीने केली होती.

"मॅडम, मुलगा मला जेरी म्हणतो," ते म्हणाले. "आधी वाटलं, टॉम अँड जेरीमधला उंदीर. म्हटलं, चालेल, तो निदान हुशार तरी असतो. मग कळलं, हा जेरी वेगळा, 'रिक अँड मॉर्टी' मालिकेतला."

त्यांची गोष्ट त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहायचं कारण एवढंच, की गेल्या काही वर्षांत हीच काळजी घेऊन येणारे वडील वाढले आहेत. नोकरी गेली किंवा धंदा बसला, घर बायकोच्या पगारावर चालू आहे, आणि वयात आलेली मुलं चारचौघांत टिंगल करतात. 'घरात मला किंमत उरली नाही' हे वाक्य मी पुरुषांच्या तोंडून फार वेळा ऐकलं आहे, आणि ते बहुतेक वेळा उठता उठता, दाराशी पोचल्यावर सांगितलं जातं.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: 'रिक अँड मॉर्टी' ही अमेरिकन ॲनिमेशन मालिका डिसेंबर २०१३ मध्ये सुरू झाली. विज्ञानकथा आणि विनोद यांचं मिश्रण, पण प्रौढांसाठीची. चित्रं रंगीत आहेत म्हणून लहान मुलांना लावून देऊ नये. रिक हा अफाट बुद्धीचा, दारुडा शास्त्रज्ञ आजोबा. वीसेक वर्षं गायब राहून तो मुलीच्या घरी राहायला येतो आणि नातू मॉर्टीला घेऊन विश्वभर भटकतो. मुलगी बेथ घोड्यांची शल्यचिकित्सक आहे. आणि जेरी हा तिचा नवरा. जाहिरात कंपनीतली नोकरी गमावलेला, सासऱ्याकडून रोज अपमान झेलणारा, कुणीतरी 'छान' म्हणावं म्हणून तडफडणारा बाप.

नोकरी गेलेल्या आमच्या या गृहस्थांच्या घरीही बँकेत अधिकारी असलेली पत्नी, दहावीतला मुलगा आणि सासूबाई गेल्यापासून लेकीकडे राहायला आलेले नाना, म्हणजे सासरे, असा संसार होता. मुलाने नाव ठेवताना फार विचार केला असेल असं वाटत नाही, पण नाव चपखल बसलं. म्हणूनच लागलंही.

पहिल्या भेटीत मी वही बाजूला ठेवली आणि झोपेचं, भुकेचं विचारलं. उदासी मोजायची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली आम्ही वापरतो. गेल्या दोन आठवड्यांत काय काय होतंय ते त्यात विचारलेलं असतं. त्यांचे २७ पैकी १३ गुण आले, म्हणजे मध्यम उदासी. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. तो मी नेहमी तोंडी आणि सरळ विचारते, "मरून जावंसं वाटतं का?" असं विचारल्याने ते विचार डोक्यात शिरतात ही भीती खोटी आहे. उलट माणूस मोकळा होतो. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "कंटाळा येतो जगण्याचा. करणार काही नाही." मी त्यांना मनोविकारतज्ज्ञांकडेही पाठवलं आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक त्यांच्या फोनमध्ये माझ्यासमोर साठवून घेतला. रात्री अडीच वाजता मी फोनवर नसते. तिथे कुणीतरी असतं, आणि पैसेही पडत नाहीत.

वही उघडली ती दुसऱ्या भेटीत.

एका नोंदीपाशी त्यांचं बोट थांबलं. त्या भागात परग्रहवासी जेरीला त्याच्या नकळत एका आभासी जगात अडकवतात. ते जग इतकं कमी ताकदीवर चाललेलं असतं की तिथली माणसं जेरी म्हणेल त्याला मान डोलावतात. तो सफरचंदांसाठी अगदी साधी जाहिरात सुचवतो, ती वाहवा होऊन मंजूर होते, आणि आयुष्यातला सगळ्यात सुंदर दिवस म्हणून तो हरखून जातो. बाहेर पडल्यावर खऱ्या जगात तीच जाहिरात मांडतो आणि नोकरीवरून काढला जातो.

"माझी एकोणीस वर्षं तशीच होती का हो मॅडम?" त्यांनी विचारलं. "सगळे 'सर, सर' करायचे. ज्या दिवशी कार्ड जमा केलं, त्या दिवसापासून एकाचा फोन नाही."

यावर 'तसं नाही हो' म्हणणं सोपं होतं. मी म्हटलं नाही. नोकरी जाते तेव्हा पगाराबरोबर सकाळची बस जाते, डबा जातो, आपल्याला विचारल्याशिवाय जिथे काम अडायचं ती जागा जाते. त्याचं सुतक पाळावं लागतं आणि आपल्याकडे ते कुणी पाळू देत नाही. "दुसरी मिळेल" म्हणून सगळे उठून जातात. ती भेट आम्ही कारखान्याबद्दल बोलण्यातच घालवली. नाकारलेल्या एका मालाची हकिगत सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा खणखणीत लागला.

मधल्या काळात मी स्वतः ती मालिका पाहत होते. समोरच्या माणसाने वही भरेस्तोवर मेहनत घेतली असेल तर आपण निदान तेवढं करावं. पाहिल्यावर माझं मत असं झालं, की जेरीला बावळट म्हणून सोडून देण्यात चूक आहे. एका भागात रिकच्या चुकीमुळे जगातली बहुतेक माणसं राक्षसी प्राणी होतात. तेव्हा हाच जेरी लोखंडी पहार घेऊन निघतो आणि बायकोला सोडवून आणतो. समोर करण्यासारखं काम असलं की तो करतो. बघणारे असले की कोसळतो. गोल्फचा तो प्रसिद्ध भाग घ्या. एकेक काम करून नाहीसे होणारे निळे मदतनीस बोलावून जेरी त्यांना सांगतो, माझ्या खेळातले दोन फटके कमी करून द्या. मदतनीस वाढत जातात, सल्ले वाढत जातात, आणि जेरीचा फटका बिघडतच जातो. नोकरी गेलेल्या माणसाच्या घरी सल्ले देणाऱ्यांची अशीच रांग लागते. शेवटी फटका जमतो तो बेथ मागे उभी राहून खांदे चोळते आणि प्रेमाचे दोन शब्द बोलते तेव्हा.

मुलाला तिसऱ्या भेटीत बोलावलं. ओठांवर कोवळी मिशी, गुडघा सतत हलतोय. नाव कधी ठेवलंस, विचारलं. तो म्हणाला, वायफायचा राउटर बिघडला होता, बाबाने तो दुरुस्त करायला घेतला आणि पूर्णच बंद पाडला. "मी म्हटलं, बाबा, तू म्हणजे जेरी आहेस. आजोबांनी विचारलं, कोण जेरी? मी सांगितलं. ते हसले, आई हसली." मग थोडं थांबून, "किती दिवसांनी सगळे एकदम हसले होते."

बापलेक दोघेही जमिनीकडे बघत होते.

चार महिने त्या घरात कुणी मोकळेपणाने हसलं नव्हतं, आणि हसू परत आणायचा जो एक रस्ता पोराला सापडला तो बापावरून जात होता. कुटुंबांवर काम करणारे अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ मरे बोवेन यांनी याला त्रिकोण म्हटलं आहे: दोघांमधला ताण असह्य झाला की तिसऱ्याला मध्ये ओढलं जातं. नाना आणि लेक यांच्यात पैशांवरून, औषधांवरून जे बोललं जात नव्हतं ते सगळं या गृहस्थांच्या टिंगलीत वाहून जात होतं. मुलाने फक्त त्याला नाव दिलं. तिरस्काराची सुरुवात मोठ्यांनी केलेली असते. डोळे फिरवणं, 'यांना काय विचारायचं' असं त्यांच्यासमोरच तिसऱ्याला सांगणं. दांपत्यांवर दीर्घ संशोधन केलेले जॉन गॉटमन हा तुच्छतेचा भाव लग्न मोडण्याचं सगळ्यात ठळक लक्षण मानतात. मुलांना झापून हे थांबत नाही, हे पालकांना मी अगदी कळकळीने सांगते.

निघताना मुलगा मला एकट्याने भेटला. "बाबा रात्री हॉलमध्ये एकटा टीव्ही बघत बसतो. मी दोनदा उठून बघून येतो. तो... काही करणार नाही ना?"

मालिकेतही हे आहे. घटस्फोटानंतर एकट्या पडलेल्या जेरीने जिवाचं काही बरंवाईट करून घेऊ नये म्हणून मॉर्टीच रिकला सांगतो, त्याला कुठेतरी घेऊन जा. रिक त्याला अशा ठिकाणी नेतो जिथे कुणी मरूच शकत नाही. जे पोर बापाला जेरी म्हणत होतं तेच रात्री उठून बापाचा श्वास चालू आहे ना हे बघत होतं. त्याच्या परवानगीने मी ही गोष्ट वडिलांना सांगितली. ते रडले. मी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि वाट पाहिली.

त्याच भागाच्या नोंदीत वहीतला तिसरा रकाना कोरा होता. बाकी सगळ्या भागांसमोर त्यांनी स्वतःबद्दल काही ना काही लिहिलं होतं. त्या भागात रिक जेरीला सुनावतो, की तू सावज असल्याचं भासवतोस पण शिकारी आहेस. कीव हेच तुझं हत्यार, तिच्या जोरावर तू माणसांना धरून ठेवतोस. रिक क्रूर आहे, आणि तुटलेल्या माणसाशी असं बोलू नये. तरीही मी विचारलं, "इथे काही लिहिलं नाहीत?"

"सुचलं नाही," ते म्हणाले. पुढच्या आठवड्यात स्वतःहून बोलले. जेवायला बसल्यावर ते मोठा उसासा टाकत. बायकोने भाजी आणली की "मी आणली असती, पण माझ्यावर कोण विश्वास ठेवणार." कुणी काही मागितलं तर "आता काय, मी रिकामाच." पत्नीने वेगळ्या भेटीत हेच सांगितलं होतं: "दिवसभर बँकेत माणसं सांभाळते, घरी आल्यावर यांचं मन सांभाळायचं. मला चीड येते आणि मग चिडल्याचीच लाज वाटते." तिचीही बाजू खरी होती. दयेवर ओढून घेतलेली माया फार दिवस पुरत नाही, देणारा दमतो आणि दमलेला माणूस टोचून बोलतो.

आम्ही एकच काम ठरवलं. रात्रीचा स्वयंपाक त्यांचा. त्यांना पिठलं-भातापलीकडे काही येत नव्हतं, ते शिकायचं. अट एक: वाढल्यावर "कसं झालंय?" विचारायचं नाही. ऐकायला किरकोळ वाटते, त्यांना ती नोकरीपेक्षा जड गेली. पहिल्या आठवड्यात ते हातात डाव घेऊन ओट्याशी उभे राहत आणि प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत. आमटीत मीठ जास्त झालं त्या दिवशी त्यांनी माफी मागितली नाही, लिंबू पिळलं आणि बसले. तिसऱ्या आठवड्यात स्वयंपाकघराच्या दारामागे कागद चिकटला: डाळ किती, पाणी किती, शिट्ट्या किती.

जेरीचा मला आवडलेला एक प्रसंग इथे सांगते. २००६ मध्ये खगोलशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढून बटुग्रह ठरवलं. जेरी हट्टाने म्हणतो, प्लूटो ग्रहच आहे, आणि प्लूटोवासी त्याला डोक्यावर घेतात. हव्या तेवढ्या टाळ्या मिळतात. मग त्याला कळतं की आपला उपयोग करून घेतला जातोय, आणि तो भर सभेत सांगतो, प्लूटो ग्रह नाही. लोक त्याची हुर्यो उडवतात. सगळ्या मालिकेत टाळ्यांसाठी झुरणारा हा माणूस तिथे टाळ्या स्वतःहून सोडतो, तेही मुलासमोर. त्यांच्या वहीत या भागासमोर 'मी काय करतो' मध्ये लिहिलं होतं: 'मी हे केलेलं नाही'. पेन्सिलीने. आम्ही ते तसंच ठेवलं.

नानांना आणणं सगळ्यात अवघड गेलं. ते वीज मंडळातून निवृत्त, ताठ. "जावईबापूंना ट्रीटमेंट द्या, मला कशाला?" म्हणत आले. बोलता बोलता कळलं, लेकीच्या घरचं पाणीही पिऊ नये असं मानणाऱ्या घरात ते वाढले होते. आता तीन वेळचं जेवत होते. जावयाची नोकरी गेल्यावर त्यांना पहिली धास्ती वाटली ती, आपण ओझं होऊ ही. जावई जितका लहान दिसेल तितकं आपलं इथं असणं रास्त वाटत होतं त्यांना. हे त्यांनी अशा शब्दांत म्हटलं नाही, म्हणाले एवढंच, "मी पेन्शनमधले पैसे देतो म्हटलं तर ही घेत नाही." पत्नी बापाला काही बोलत नसे, कारण आई गेल्यावर ते पुन्हा गावी एकटे निघून जातील ही भीती. बेथही रिक पुन्हा सोडून जाईल या भीतीनेच गप्प असते.

पेन्शनमधून दुधाचं आणि विजेचं बिल नाना देणार असं ठरलं. आणि लेकीने माझ्यासमोर बापाला सांगितलं, "नाना, त्यांच्याबद्दल बोलायचं असेल तर त्यांच्याशी बोला. माझ्याशी नको, पोरासमोर तर नकोच." तिचा आवाज थरथरत होता. नानांनी मान हलवली. टोमणे बंद झाले असं नाही, कमी झाले.

एका रात्री मुलगा मित्राशी फोनवर बोलताना "थांब, जेरी बोलावतोय" असं म्हणाला. वडील पोळी भाजत होते. पाठ न वळवता म्हणाले, "हे नाव मला नको आहे." ना उसासा, ना भाषण. पोळी उलटली. मुलगा "बरं" म्हणाला आणि ताट घ्यायला आला. हे सांगताना त्यांनी मला विचारलं नाही की बरोबर केलं का.

रांजणगावला त्यांना कंत्राटी काम मिळालं आहे, आधीपेक्षा कमी पगाराचं. गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी होत आहेत. स्वयंपाक आता आठवड्यातून तीन रात्री त्यांच्याकडे आहे. वही परत मागितली तर म्हणाले, घरी राहिली. मागची वीस-पंचवीस पानं कोरी होती, ती मुलाने भूमितीच्या कच्च्या कामाला फाडून घेतली होती.