वापरकर्त्यांची संख्या अचानक घसरली, तर आधी सर्व्हर मोजा

लातूरच्या सदस्यांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. एका आयआरसी (इंटरनेट रिले चॅट, म्हणजे लेखी गप्पांची जुनी व्यवस्था) नेटवर्कवर त्यांनी बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्राम, बसवला असून तो दर पाच मिनिटांनी जोडलेल्या वापरकर्त्यांची एकूण संख्या नोंदवतो. गेल्या महिन्यात एका पहाटे ही संख्या जवळजवळ एक तृतीयांशाने कोसळली आणि अर्ध्या तासात पूर्ववत झाली. आठवड्याने पुन्हा तशीच घसरण झाली, पण ती आजवर भरून आलेली नाही. चालकांनी काही जाहीर केलेले नाही, म्हणून लोक नेटवर्क सोडून चालले आहेत काय, अशी त्यांना काळजी वाटते.

या दोन घसरणी दिसायला सारख्या असल्या तरी त्यांची कारणे बहुधा वेगळी आहेत. पहिलीबद्दल मला फारशी शंका नाही. आयआरसीचे सर्व्हर एकमेकांशी झाडाच्या फांद्यांसारखे जोडलेले असतात. कोणत्याही दोन सर्व्हरांमध्ये एकच वाट असते, आणि 1988 मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठात यार्क्को ओइकारिनेन यांनी ही व्यवस्था उभी केली तेव्हापासून तिची मूळ रचना अशीच आहे. मधला एक दुवा तुटला की झाडाचे दोन तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्यातल्या लोकांना पलीकडचे सगळे एकाच क्षणी निघून गेल्यासारखे दिसतात. गोदावरीला पूर येऊन पूल पाण्याखाली गेला, तर पलीकडचे गाव ओस पडले असे आपण म्हणत नाही. तुमचा बॉट मात्र एका काठावर उभा राहून दोन्ही काठांची मोजणी करतो आहे, आणि पूल बुडाल्यावर पलीकडची माणसे त्याला दिसतच नाहीत.

हे ताडून पाहण्याची सोय त्या मोजणीच्या उत्तरातच आहे. तुमचा बॉट ‘लूझर्स’ (LUSERS) ही वापरकर्ते मोजण्याची आज्ञा देतो, तेव्हा 251 क्रमांकाच्या ओळीत दृश्य वापरकर्ते किती, अदृश्य किती, आणि ते किती सर्व्हरांवर आहेत, असे तीन आकडे येतात. बहुतेक जण पहिले दोन मिळवून आलेख काढतात आणि तिसरा टाकून देतात. माझ्या मते तिघांत तोच सर्वांत मोलाचा आहे. वापरकर्त्यांबरोबर सर्व्हरांची संख्याही खाली आली असेल, तर जाळे तुटले होते. त्या वेळी एखाद्या चॅनलमध्ये, म्हणजे गप्पांच्या खोलीत, असलेल्या कोणाकडे नोंदी असतील, तर बाहेर पडल्याच्या संदेशात एकापुढे एक अशी दोन सर्व्हरांची नावे दिसतील. दुवा नेमका कुठे तुटला, ते त्यांवरून कळते.

दुसरी घसरण अधिक विचार करण्याजोगी आहे. सर्व्हर तेवढेच राहिले, माणसे मात्र एका फटक्यात कमी झाली आणि परतली नाहीत, असे दिसत असेल, तर लोक कंटाळून गेले हा निष्कर्ष सर्वांत शेवटी काढावा. कंटाळलेली माणसे ठरवून एकाच पाच मिनिटांत उठत नाहीत. ती महिनोन्‌महिने एकेक करून गळतात आणि आलेखावर उतार दिसतो, कडा दिसत नाही. कडा दिसली, तर बहुधा एकाच दारातून आत आलेले पुष्कळ जोड (कनेक्शन) एकदम बंद झालेले असतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये लिबेरा चॅट या आयआरसी नेटवर्कला मॅट्रिक्स या दुसऱ्या गप्पांच्या व्यवस्थेशी जोडणारा पूल बंद झाला, तेव्हा असेच घडले. त्या पुलामुळे मॅट्रिक्सवरच्या प्रत्येक माणसासाठी इकडे एक स्वतंत्र जोड उघडा राहत असे, मग तो माणूस त्या वेळी काही बोलत नसला तरी. सामायिक बाउन्सर (अनेकांचे जोड त्यांच्या वतीने उघडे ठेवणारा मधला प्रोग्राम) बंद पडणे, चालकांनी घुसखोर बॉटांची टोळी हाकलणे, किंवा सुरक्षित जोडणीसाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची मुदत संपणे यांचाही आलेख असाच दिसतो. 30 सप्टेंबर 2021 रोजी एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत संपली, तेव्हा अद्ययावत न केलेल्या अनेक प्रणालींना सुरक्षित जोडणी करता येईनाशी झाली.

शाळेच्या पटावरची संख्या आणि रोजची हजेरी यांतला फरक आपल्याकडे कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. आयआरसीचा आकडा त्या पटासारखा आहे, किंबहुना त्याहून फसवा, कारण तो जोड मोजतो आणि एका माणसाचे दोन जोडही असू शकतात. भारनियमनाच्या काळात मी हे परभणीत रोज पाहिले आहे. वीज गेली तरी आमची नावे लगेच जात नसत. संगणकाने निरोप न घेतल्यामुळे सर्व्हर काही मिनिटे उत्तराची वाट पाहत असे आणि मग ‘पिंग टाइमआउट’ लिहून नाव काढत असे. तेवढ्यात वीज परत आली, तर स्वतःचेच जुने नाव अडवून बसलेले असल्याने आम्ही नावापुढे अधोरेखा लावून आत येत असू, आणि काही मिनिटे एकाच माणसाचे दोघे होत.

लोक खरोखर हलतात, तेव्हा त्याची चिन्हे वेगळी असतात. मे 2021 मध्ये फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कच्या कर्मचाऱ्यांनी राजीनामे देऊन लिबेरा चॅट सुरू केले, त्यानंतर फ्रीनोडचा आकडा उतरला आणि लिबेराचा चढला. म्हणून शेजारच्या नेटवर्कांचे आकडेही नोंदवत राहा.

हे एवढे विस्ताराने लिहिण्याचे कारण असे की, आमचा एक चांगला मराठी चॅनल अशाच एका चुकीच्या समजुतीने मोडला. आलेख पाहून कोणीतरी नेटवर्क संपत आल्याचे लिहिले, ते वाचून नियमित येणारे चार-पाच जण यायचे थांबले, आणि ज्यांच्यामुळे गप्पा होत होत्या तेच गेल्यावर उरलेल्यांना बोलायला कोणी राहिले नाही. तुम्ही तुमचा आलेख इतरांना दाखवण्यापूर्वी दुसरा बॉट वेगळ्या सर्व्हरवर बसवा, दोघांच्या नोंदी शेजारी ठेवा, आणि दुसऱ्या घसरणीच्या आधीची व नंतरची 251 ची पूर्ण ओळ इथे द्या. सर्व्हरांचा आकडा दिसला की पुढचे बोलता येईल.