सीबी रेडिओ: सगळ्या चॅनलवर एसडब्ल्यूआर ३ च्या वर असेल तर अँटेना कापू नका

तुम्ही लिहिलंय की ट्रक नवा आहे, हूड फायबरचा आहे आणि दोन्ही आरशांच्या दांड्यांवर सीबी रेडिओचे (ट्रकवाले आपापसांत बोलायला वापरतात तो) चार-चार फुटी अँटेना लावलेत. १९ नंबरच्या चॅनलवर दुसऱ्यांचं स्वच्छ ऐकू येतं, पण तुमचं अर्धा मैलही जात नाही. एसडब्ल्यूआर (रेडिओने पाठवलेली शक्ती अँटेनाकडून किती परत फिरते ते सांगणारा आकडा, जितका १ च्या जवळ तितका चांगला) १ पासून ४० पर्यंतच्या सगळ्या चॅनलवर ३ च्या वर. आणि दुकानदार म्हणतो, टोक थोडं थोडं कापत जा.

कृपा करून कापू नका. अगदी असाच सल्ला ऐकून माझे दोन अँटेना आणि रेडिओचा आउटपुट ट्रान्झिस्टर गेला, आणि दोष अँटेनात नव्हताच. विकणाऱ्याने मल्टीमीटर लावून बघितलं असतं तर पाच मिनिटांत कळलं असतं. याचा राग अजून आहे.

लांबी चुकलेली असेल तर चॅनल १ आणि ४० च्या आकड्यांत फरक दिसतो. ४० वर जास्त असेल तर अँटेना लांब आहे, १ वर जास्त असेल तर आखूड. दोन्हीकडे सारखाच वाईट असेल तर अर्थिंग नाही किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. ते सापडेपर्यंत बोलायचं बटण दाबू नका, फक्त ऐका.

आधी शॉर्ट बघा. रॉड काढा, केबल रेडिओपासून सोडवा आणि प्लगची मधली पिन व बाहेरचं कडं यांवर मल्टीमीटर लावा. कंटिन्युइटी (दोन्ही एकमेकांना जोडलेले असल्याची खूण) दाखवायला नको. दाखवली तर बहुतेक वेळा स्टडखालचा (ज्या बोल्टवर अँटेना बसतो त्याच्या खालचा) नायलॉनचा वॉशर उलटा बसलेला असतो. त्याची उंच कड ब्रॅकेटच्या भोकात उतरायला हवी, नाहीतर स्टड धातूला टेकतो.

मग अर्थिंग. ब्रॅकेट ते बॅटरीचं निगेटिव्ह, १ ओहमपेक्षा कमी. आताच्या ट्रकवर हे आपोआप मिळत नाही: आरशाच्या दांडीवर जाड रंग, तळाशी प्लास्टिक किंवा रबर, दाराच्या बिजागरीत ग्रीस आणि केबिन स्वतः रबरावर. ब्रॅकेट जिथे दांडीला आवळला जातो तिथला रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, वरून ग्रीस लावा म्हणजे गंज धरणार नाही. नंतर तांब्याची विणलेली रुंद पट्टी ब्रॅकेटपासून केबिनच्या पत्र्याला, दुसरी केबिनपासून चेसिसला. पट्टी शक्य तितकी आखूड. मीटर शून्य दाखवतो म्हणून दहा फूट बारीक वायर लावलीत तर २७ मेगाहर्ट्झला ती अर्थिंगचं काम नीट करत नाही. इथेच बहुतेक जण फसतात.

केबिनही फायबरचं असेल तर ग्राउंड प्लेन (अँटेनाखालचा धातूचा पत्रा) न लागणारा अँटेना घ्या, पण त्याच्याच जोडीची केबल वापरा.

जोडी अँटेनाची वाय केबल (रेडिओकडून येऊन दोन अँटेनांना दोन फाटे जाणारी) ७५ ओहमची असते, प्रत्येक फाटा साधारण १८ फूट. ती लांबी २७ मेगाहर्ट्झला त्या केबलमधल्या पाऊण तरंगाएवढी आहे, म्हणून जास्तीची कापायची नाही. फूटभर लांबीच्या सैल घड्या घालून बांधा. घट्ट गुंडाळी नको, दारात चेंगरायला नको. एक अँटेना काढून दुसरा तपासायचाही प्रयत्न करू नका, आकडे खोटे येतात. माझं मत विचाराल तर ट्रेलर ओढणाऱ्याला एकच चांगला अँटेना आणि ५० ओहमची साधी केबल पुरते. जोडीला किमान आठ-नऊ फूट अंतर हवं. ते आरशांमध्ये जेमतेम मिळतं.

हे झाल्यावरच ट्यूनिंग, म्हणजे अँटेनाची लांबी जुळवणं. मोकळ्या मैदानात, दारं बंद, शेजारी कोणी उभं नाही. एसडब्ल्यूआर १.५ च्या आत उत्तम, २ पर्यंत चालेल. अँटेनाचा निदान दोन तृतीयांश भाग केबिनच्या छताच्या वर यायला हवा, पण टोकाची उंची जमिनीपासून मोजा; अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत मर्यादा १३ फूट ६ इंच आहे. कॅनडातल्या नियमांबद्दल मी बोलत नाही.

पट्ट्या लावल्यावर १, १९ आणि ४० चे आकडे इथे टाका, मग लांबीचं बघू.