‘सीएसटी’ लिहिण्याआधी

प्रिय डॉक्टर,

परवा फोनवर तू विचारलंस, “सर, शुगर आटोक्यात येते, पण बीपीचं औषध नेमकं कधी वाढवायचं?” राउंडच्या घाईत मी काहीतरी सांगून मोकळा झालो. ते मनाला लागून राहिलं, म्हणून लिहायला बसलो.

आधी माझी चूक ऐक. नागपूरच्या इतवारीकडचे एक काका दर दोन महिन्यांनी यायचे. जाडजूड फाइल, जुना मधुमेह. उपाशीपोटीची साखर, जेवणानंतरची, एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांची सरासरी, हे सगळं मी लाल पेनाने गोल करायचो. बीपी कोपऱ्यात असायचं: १५२/८८, मग १५६/९०, मग १५०/८६. दर वेळी कारण सापडायचं. जिना चढून आले, लग्नातलं जेवण झालं, रात्री झोप नाही. “मले काई तरास नाही जी,” ते म्हणायचे आणि मी खाली लिहायचो, सीएसटी, ‘कंटिन्यू सेम ट्रीटमेंट’. आहे तेच चालू. दीड वर्ष असंच गेलं. एका पहाटे त्यांचा उजवा हात आणि वाचा गेली. त्या रात्री मी फाइल पुन्हा वाचली. नऊ भेटी, नऊ वेळा सीएसटी. पक्षाघाताचा झटका केवळ बीपीमुळे आला असं ठामपणे म्हणता येत नाही. पण करण्यासारखं होतं ते मी केलं नाही, एवढं खरं.

मधुमेहींवरचा ब्रिटनमधला यूकेपीडीएस अभ्यास तुला पाठ असेल. १९९८ साली आलेल्या त्या निष्कर्षांत कडक नियंत्रणाच्या गटाचं सरासरी बीपी १४४/८२ होतं, दुसऱ्याचं १५४/८७. फरक जेमतेम दहा आणि पाचाचा, तरी पक्षाघात ४४ टक्क्यांनी आणि मधुमेहाशी निगडित मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी. माझे काका त्या दुसऱ्या गटातच बसले होते, आणि मी त्यांना तिथेच बसू दिलं.

१३०च्याही खाली किती जावं, यावर वाद आहेत. मधुमेहींवरच्या अकॉर्ड अभ्यासात २०१० साली १२०च्या लक्ष्याने एकूण हृदयविकारात ठळक फायदा दिसला नाही, पक्षाघात मात्र घटले. २०२४च्या चीनमधल्या बीपीरोड अभ्यासात त्याच लक्ष्याने फायदा दिसला. तू बहुतेकांसाठी १३०/८० धर, थकलेल्या, पडणाऱ्या म्हाताऱ्यांना थोडी सूट दे. १५० जास्तच, यावर कुणाचाच वाद नाही.

आता मोजणं. मला सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते. पेशंट उन्हातून स्कूटरवर येतो, तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो, तू त्याला बिनपाठीच्या स्टुलावर बसवून लगेच पट्टा आवळतोस. तो आकडा खोटा. खर्रा थुंकायला सांग, अर्धा तास जाऊ दे. मग पाठ टेकून, पाय जमिनीवर, पाच मिनिटं गप्प. दंड छातीच्या उंचीला टेकवलेला. दोनदा मोज. मोठ्या मापाचा कफ आजच विकत घे, कारण जाड दंडावर लहान कफ बीपी फुगवून दाखवतो. जुन्या मधुमेहींना उभं करूनही मोज. बसून १५० आणि उभं राहिल्यावर १२० असेल तर औषध वाढवून तू त्यांना बाथरूममध्ये पाडशील.

आकडा खरा निघाला की त्याच दिवशी काहीतरी बदल. मात्र आधी विचार, गोळी रोज घेता का, आणि ते रागावून विचारू नकोस, नाहीतर खोटं उत्तर मिळेल. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळीही विचार; ती बीपी चढवते आणि किडनीवरही येते. लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे प्रथिन, तपास. ते जात असेल तर टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल या किडनी जपणाऱ्या बीपीच्या गोळ्यांपैकी एकच दे, दोन्ही एकत्र कधीच नको. दोन आठवड्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) आणि पोटॅशियम बघ. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून गोळी बंद करू नकोस. दिवस जाण्याची शक्यता असलेल्या बाईला मात्र ही औषधं नकोत. एकच गोळी ताणत बसण्यापेक्षा बीपीचीच दुसरी गोळी अम्लोडिपिन जोड, मग क्लोरथॅलिडोन, म्हणजे लघवीची गोळी. बहुतेक मधुमेहींना दोन तरी लागतातच, हे पहिल्या भेटीतच सांग, म्हणजे दुसरी गोळी आली की ‘आजार वाढला’ असं त्यांना वाटत नाही. आणि बदल केलास तर महिन्याने बोलाव, तीन महिन्यांनी नाही.

आपल्या नागपूरचं एक वेगळंच. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, बीपी आपोआप उतरतं, घामाने अंगातलं पाणी जातं. लघवीच्या गोळीवरचा, त्यात ग्लिफ्लोझिनवरचा (लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळीवरचा) पेशंट नवतपात, मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, चक्कर येऊन पडतो. उन्हाळा लागण्याआधी अशांचं बीपी उभं करून मोज, गरज पडली तर डोस कमी कर. उलट्या-जुलाब झाले तर कोणत्या गोळ्या थांबवून तुला फोन करायचा, ते कागदावर मराठीत लिहून दे. दिवाळीनंतर थंडी पडली की तेच बीपी पुन्हा चढतं. तेव्हा कमी केलेला डोस परत वाढवायला विसरू नकोस. मी विसरलोय, एकदा नाही, अनेकदा.

या रविवारी तुझ्या मधुमेहींच्या वीस फाइली काढून ठेव. शेवटच्या तीन भेटींचं बीपी आणि त्याखाली तू काय लिहिलंस, एवढंच बघायचं. सकाळी नऊला मी येतो, सोबत बसून वाचू.

तुझा,
सर