कर्णबधिर माणसाला नागपूरचा गोंगाट कसा जाणवतो?

तुम्ही विचारलंय, बर्डीच्या (सीताबर्डी बाजाराच्या) गर्दीत कर्णबधिर माणसाला पूर्ण शांतता जाणवते का. मी स्वतः कानाला ऐकण्याचं यंत्र लावतो. पूर्ण शांतता फार थोड्यांच्या वाट्याला येते. बहुतेकांचे आधी उंच पट्टीतले आवाज जातात, खर्जातले थोडेफार उरतात. म्हणून कामठी रोडवरचा भरलेला ट्रक कळतो, पण मागच्या स्कूटीचा हॉर्न कळत नाही. हॉर्नचा कर्कशपणा 2,000 हर्ट्झच्या वर असतो, आणि नेमकं तिथंच काही उरलेलं नसतं.

बाकीचं काम कातडी करते. कंपनं ओळखण्यात ती साधारण 250 हर्ट्झच्या आसपास सगळ्यात तरबेज असते, 1,000 च्या पुढे जवळजवळ आंधळी. मारबतीच्या, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या पुतळ्यांच्या मिरवणुकीत ढोल छातीत घुमतो. ताशा मात्र काड्यांच्या हालचालीवरूनच समजून घ्यायचा. पत्र्याचं शटर, बसची फरशी, लाकडी दार यांतून कंपनं छान येतात. जाड काँक्रीट मात्र फारसं थरथरत नाही.

यंत्र लावलं की सगळं सुरळीत, हा गैरसमज. यंत्र आवाज मोठा करतं, नीट निवडून देत नाही. निरोगी कान भाजीवाल्याची हाक गोंगाटातून वेगळी काढतो. यंत्रात हाक, ऑटो, लाउडस्पीकर, वारा सगळं एकावर एक येतं. त्यात हळू आवाज ऐकू येत नाही आणि मोठा एकदम कानात खुपतो, असं अनेकांचं होतं. म्हणून ओरडून बोलू नका. मीटरभर अंतरावर, तोंडावर उजेड पडेल असं समोर उभं राहून, नेहमीच्या आवाजात बोला.

नागपुरात खरा शत्रू कूलर. त्याची घरघर खर्जातली, म्हणजे जे उरलंय तेच ती व्यापते, वर बोलण्यातले बारीक आवाजही झाकते. बोलताना कूलर दोन मिनिटं बंद करा. नाहीच जमलं तर यंत्रवाल्याची पाठ कूलरकडे करा. दिशादर्शक माइक असेल तर तो समोरचं जास्त पकडतो.

मे महिन्यातला घाम यंत्राच्या माइकच्या भोकात आणि कानात आवाज नेणाऱ्या नळीत शिरतो. रात्री सेल काढून, त्याचं दार उघडं ठेवून यंत्र सिलिका जेलच्या डबीत ठेवायचं. जोरदार यंत्राचा 675 नंबरचा सेल निळ्या स्टिकरचा असतो. स्टिकर काढून मिनिटभर थांबा, हवा आत जाऊ द्या, मग बसवा. आणि स्टिकर आधीच काढून ठेवू नका, कोरड्या हवेत सेल वाळतो. शिट्टी वाजत असेल तर बहुधा यंत्राचा कानात बसवायचा साचा सैल झालाय; आवाज कमी करून ती शिट्टी दाबू नका, साचा बदला.

एकाच कानात यंत्र असेल तर आवाज येतो, पण कुठून ते कळत नाही. मग डोळे कामाला लागतात: आरसे, सावल्या, रात्री भिंतीवर सरकणारा हेडलाइट, समोरच्या चार जणांच्या एकदम वळलेल्या माना. ई-रिक्षा मात्र आधी फारसं काही सांगत नाही, घरघर नाही, धूर नाही. गल्लीत तुम्ही ती चालवत असाल आणि पुढचा माणूस हॉर्नला हलत नसेल, तर दुसऱ्यांदा वाजवू नका, थांबा.